बोलणं एक, वागणं दुसरं: ढोंग कुठलं आणि घसरण कुठली? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी कॉलेजात मराठी शिकवतो. एकोणिसाव्या शतकातले सुधारक शिकवायला घेतले की दरवर्षी वर्गात एकाच जागी वाद पेटतो: न्यायमूर्ती रानडे ढोंगी होते का? तास संपला तरी मुलं उठत नाहीत, कारण प्रश्न रानड्यांवरून लवकरच घरातल्या माणसांवर आणि मग स्वतःवर येतो. वर्षानुवर्षं विचारले गेलेले प्रश्न आणि मला आज पटणारी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

रानड्यांवर आक्षेप नेमका काय आहे?

महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते होते. १८६५ मध्ये मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळ निघालं. विष्णुशास्त्री पंडितांसारख्या लोकांनी १८६९ मध्ये एका विधवेचा विवाह उघडपणे लावला, त्यावर बहिष्काराचं वादळ उठलं, आणि त्या साऱ्या चळवळीत रानडे पुढे होते. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात प्रथम वर्ग सबजज्ज. आता हे स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि नेमकी तीच भीती वडिलांना होती. वडिलांनी घाईने स्थळ पाहिलं. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी. त्याच वर्षी लग्न झालं. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे.

विधवाविवाहाचा पुरस्कर्ता विधुर झाला आणि त्यानं वीस वर्षांनी लहान कुमारिकेशी लग्न केलं. आक्षेप एवढाच आहे, आणि तो खरा आहे. तो पुसट करून सांगणारी चरित्रं मला आवडत नाहीत.

मग हे ढोंग नाही तर काय? "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" याचं याहून चांगलं उदाहरण कुठलं?

ही म्हण आपण फार सैल वापरतो. बोलणं आणि वागणं यांत अंतर दिसलं की ती फेकायची. अंतर तर जवळपास प्रत्येक माणसात असतं. ज्याच्यात अजिबात नाही, त्यानं बहुधा स्वतःसाठी फार सोपे नियम ठरवलेले असतात. तेव्हा नुसत्या अंतरावरून काही कळत नाही. त्या अंतराचं माणूस पुढे काय करतो, ते बघावं लागतं.

रानड्यांनी काय केलं? रमाबाईंच्या आठवणी १९१० मध्ये पुस्तकरूपानं आल्या, त्यात हे सगळं आहे. वडिलांशी त्यांचा संघर्ष झाला. मुलीच्या वडिलांना त्यांनी स्वतःहून सांगितलं की मी सुधारक पक्षाचा आहे, माझे डोळे-कान अधू आहेत, पुन्हा विचार करा. वडील हटले नाहीत आणि रानडे वडिलांचा शब्द मोडू शकले नाहीत. लग्नानंतर ते कुणाशी न बोलता खोलीत जाऊन बसले. त्याच रात्री त्यांनी त्या मुलीला विचारलं की तुला लिहितावाचता येतं का. नाही म्हटल्यावर तिला शिकवायला सुरुवात झाली.

आपण केलं तेच योग्य होतं, असं त्यांनी जगाला पटवायचा प्रयत्न केला नाही. विधवाविवाहाबद्दलचं मत मागे घेतलं नाही. "विधुरानं कुमारिकेशीच लग्न करावं यात काही सोय आहे" असा नवा सिद्धांत काढला नाही. नियम होता तिथेच ठेवला आणि स्वतः त्या नियमाखाली अपराधी म्हणून उभे राहिले. पुढची सत्तावीस वर्षं विरोधक त्यांना या लग्नाची आठवण करून देऊ शकत होते आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी याला ढोंग म्हणत नाही. ही घसरण आहे. मोठी आहे, पण घसरण आहे.

या दोन गोष्टींसाठी आपल्या परंपरेत वेगळे शब्द आहेत का?

आहेत, आणि गंमत वाटेल इतके जवळजवळ आहेत. गीतेच्या तिसऱ्याच अध्यायात दोन्ही माणसं भेटतात. सहाव्या श्लोकात "मिथ्याचार" येतो: हातपाय आवरून बसलेला, मनात मात्र विषय घोळवणारा. आणि छत्तिसाव्या श्लोकात अर्जुन विचारतो की माणूस इच्छा नसतानाही, कुणी जबरदस्तीनं ओढून नेल्यासारखा पाप का करतो? त्याचा शब्द आहे "अनिच्छन्नपि". पहिल्याची सगळी मेहनत दिसण्यावर आहे. दुसरा पडतोय हे त्याला कळतंय, आणि त्याला पडायचं नाहीये. कृष्ण पहिल्याला नाव ठेवतो. दुसऱ्याच्या प्रश्नाला मात्र तो सविस्तर उत्तर देतो.

ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये यावर जे लिहिलं ते त्याहून पुढे जातं. सोळाव्या अध्यायात दंभाचं वर्णन करताना ते म्हणतात की आपली आई तीर्थासारखी खरी, पण तिला उघडी करून लोकांना दाखवली तर तीच अधःपाताला कारण होते. धर्माचं तसंच. म्हणजे दंभासाठी खोटं वागावं लागतंच असं नाही. खरं पुण्यसुद्धा चव्हाट्यावर मांडलं की दंभ होतो. आणि तेराव्या अध्यायात अदंभी माणसाला ते लोभ्याची उपमा देतात: जीव गेला तरी पुरलेलं धन कुठे आहे ते लोभी सांगत नाही, तसा हा आपलं पुण्य सांगत नाही. कंजुषाची उपमा सज्जनाला! मी हा भाग शिकवताना दर वेळी थांबतो.

बोलीत "ढोंग" आणि "भोंदू" हेही शब्द आहेत. भोंदू थोडा निराळा. त्याचा मुळात कशावर विश्वासच नसतो, तो धंदा करत असतो. ढोंगी माणसाचा पुष्कळदा विश्वास असतो, तो फक्त दुसऱ्यांना लागू होतो.

फरक ओळखण्याची काही खूण?

उघडं पडल्यावर काय बदलतं, ते बघा. घसरलेला माणूस गप्प होतो, रडतो, चिडतोसुद्धा, पण नियमाला हात लावत नाही. ढोंगी माणूस नियम वाकवायला लागतो: "तसं नव्हतं ते", "आमची परिस्थिती वेगळी होती", "तुम्हाला त्यातलं कळत नाही". दुसरी खूण म्हणजे तोच नियम मोडणाऱ्या दुसऱ्याशी तो कसा वागतो. स्वतः घसरलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या घसरलेल्याला जरा सांभाळून घेतो, कारण तिथली जमीन किती निसरडी आहे हे त्याला माहीत असतं. ढोंगी सगळ्यात कडक तिथेच असतो जिथे तो स्वतः पोकळ आहे.

तिसरी खूण फायद्याची. न पाळलेल्या तत्त्वाचं श्रेय तो घेत राहतो का? हार, सत्कार, मतं, विश्वास, वधूवरसूचक मंडळात "पुरोगामी कुटुंब" ही ओळख. श्रेय चालू आणि तत्त्व बंद, असं झालं की मला शंका येते.

या खुणा सूत्रासारख्या चालत नाहीत. एकाच माणसात एकाच आठवड्यात दोन्ही सापडतात.

घसरणीचं ढोंग कधी होतं?

याचं उत्तर मी माझ्यावरूनच देऊ शकतो.

कॉलेजात असताना एनएसएसच्या शिबिरात आम्ही शपथ घेतली होती: हुंडा घेणार नाही, देणार नाही, हुंड्याच्या लग्नाला जाणार नाही. मी ती मनापासून घेतली होती. चार वर्षांनी बहिणीचं लग्न ठरलं. मुलाकडचे म्हणाले, आम्हाला काही नको. मग याद्यांच्या बैठकीत कागद निघाला. दोन्ही बाजूचा लग्नखर्च मुलीकडे, मानपान इतका, जावयाला अंगठी आणि गोफ, आणि फर्निचर "तुमच्या हौशीनं". १९६१ पासून हुंडा कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे हुंडा हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. बाबा मान डोलवत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मी एक शब्द बोललो नाही.

ती घसरण होती. भीती होती, बहिणीचं ठरलेलं मोडेल अशी. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. त्या संध्याकाळी मला स्वतःची किळस आली होती, आणि आज मागे वळून पाहताना ती किळसच त्यातली एकमेव खरी गोष्ट वाटते.

ढोंग पुढच्या महिन्यात झालं. शिबिरातला एक मित्र पत्रिका बघून म्हणाला, "देणंघेणं काही नाही ना?" मी म्हणालो, "छे रे, फक्त रीतीप्रमाणे." चार शब्द. त्या चार शब्दांत मी शपथेचा अर्थ बदलला, म्हणजे मला ती मोडावी लागली नाही. बैठकीत माझा नियम शाबूत होता आणि मी त्याच्यापुढे हरलो होतो. मित्रापुढे मी हरलेला नव्हतोच, कारण मी नियमच हलवला होता. नंतर दोन वर्षं मी त्याच मित्राबरोबर हुंडाविरोधी पथनाट्य करत फिरलो आणि टाळ्या घेतल्या.

तेव्हा माझा अनुभव असा की घसरण आणि ढोंग यांच्यामध्ये बहुधा एक खुलासा असतो.

प्रामाणिक घसरण ठरली म्हणजे माणूस सुटला का?

नाही. या प्रश्नावर वर्गातल्या मुली मुलांपेक्षा जास्त बोलतात आणि त्यांचं बरोबर असतं.

रानड्यांना वाईट वाटलं, ते खोलीत जाऊन बसले, हे सगळं ठीक. पण ज्या अकरा वर्षांच्या मुलीचं आयुष्य त्या दिवशी ठरलं, तिला कुणी विचारलं होतं? एका पुरुषाच्या सद्सद्विवेकाच्या लढाईत ती आणि जिच्याशी लग्न झालं नाही अशी कुणीतरी अनाम विधवा, दोघींनी किंमत मोजली. रमाबाई शिकायला लागल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती छळलं ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. रानडे कोर्टात, आणि ही घरात टोमण्यांमध्ये. त्यांच्या आठवणींत नवऱ्याबद्दल भक्ती आहे, तक्रार जवळपास नाही. तक्रार नाही म्हणून अन्याय नव्हता असं होत नाही.

पुढे त्या काय झाल्या ते मोठं आहे. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली त्या खटपटीत त्या होत्या. १९०१ मध्ये रानडे गेले तेव्हा त्या वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षात होत्या, आणि नंतर त्यांनी स्त्रियांसाठी सेवासदन ही संस्था उभी केली. पण हे सगळं रमाबाईंचं कर्तृत्व आहे. ते रानड्यांच्या जमेला लावून १८७३ ची बाकी फेडून टाकणं मला मान्य नाही. ढोंगी नसणं हा चारित्र्याबद्दलचा निर्णय झाला. नुकसान भरून निघालं का, हा वेगळा हिशेब आहे.

पंचहौद मिशनच्या चहाचं काय? तिथे तर रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतलं.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावलं होतं. चहा-बिस्किटं पुढे आली. ख्रिस्त्यांच्या हातचं खाणंपिणं तेव्हा धर्म बाटवणारं मानलं जाई. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. रानडे होते, टिळकही होते. हजर असलेल्यांची नावं नंतर "पुणे वैभव" पत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. लोकांच्या घरची धर्मकृत्यं अडली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, तेही बहिष्कारात अडकलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून.

इथे मला रानड्यांची बाजू घेणं १८७३ पेक्षा जड जातं. तेव्हा त्यांनी चूक केली आणि ती चूक आहे हे मान्य केलं. इथे ज्यात त्यांना पाप वाटत नव्हतं त्याचा पश्चात्ताप त्यांनी विधिपूर्वक करून दाखवला. रमाबाईंनाही हे रुचलं नव्हतं. हेतू मित्रांसाठी होता, स्वतःच्या सुखासाठी नव्हता, आणि माझ्या लेखी त्याला वजन आहे. पण प्रायश्चित्त हा कबुलीचा विधी आहे. तो खोटा झाला की पुढच्या खऱ्या कबुलीवर विश्वास कोण ठेवणार? याला ढोंग म्हणावं की नाही यावर मी वर्गात दोनदा मत बदललंय. सध्या मी म्हणतो की कृती ढोंगाची होती, माणूस ढोंगी नव्हता.

दुसऱ्याचं ढोंग उघडं पाडणं हे समाजकार्यच नाही का?

कधीकधी आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे आणि जो आपण न पाळलेल्या नियमासाठी दुसऱ्याला शिक्षा करतो, त्याला उघडं पाडलंच पाहिजे. पण पंचहौदचा मेळावा घडवून ती नावं छापून आणणारे गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे पती, यांच्याकडे बघा. सुधारकांच्या बोलण्यातलं आणि वागण्यातलं अंतर त्यांनी जगाला दाखवलं. हाती काय आलं? चहा पिणं सोपं झालं नाही. उलट जी माणसं भीतभीत एक पाऊल पुढे टाकत होती ती दोन पावलं मागे गेली, आणि सनातन्यांच्या हातात यादी पडली.

अर्धवट धैर्याची थट्टा केली की पूर्ण धैर्य येतं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

ज्याला स्वतःला जमत नाही त्यानं बोलूच नये, हे बरं नाही का? "आधी केलं, मग सांगितलं" म्हणतात ना.

गुरूच्या खुर्चीवर बसायचं असेल तर ती कसोटी योग्य आहे. पण गोष्ट खरी असायला सांगणारा स्वच्छ असावा लागत नाही. माझे एक काका तंबाखू खायचे. प्रत्येक पुतण्याला बोलावून ते आपलं तोंड पूर्ण उघडत नाही हे दाखवायचे आणि म्हणायचे, "शिकू नका." त्यांच्या बोलण्याचा जो परिणाम आमच्यावर झाला तो शाळेतल्या कुठल्याच तक्त्याचा झाला नाही. त्यांनी पुडी लपवून हेच सांगितलं असतं तर ते ढोंग झालं असतं.

"मी वाईट असेन, पण ढोंगी नाही" असं छातीठोक सांगणारा माणूस बरा ना?

हा हल्ली फार लोकप्रिय झालेला युक्तिवाद आहे आणि मला तो धोक्याचा वाटतो. टेबलाखालून घेणारा निदान टेबल आहे हे मान्य करतो. टेबलावर घेणारा म्हणतो, सगळेच घेतात, मी खोटं बोलत नाही एवढंच. त्यानं अंतर मिटवलंय खरं, पण नियम खाली आणून. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पेन्शनरला त्या स्पष्टवक्तेपणाचा काय उपयोग?

घरच्यांपासून गोष्टी लपवणं हे ढोंग आहे का?

हॉस्टेलवर जीन्स आणि गावी गेल्यावर पंजाबी ड्रेस घालणारी मुलगी, दुसऱ्या जातीतल्या मुलावरचं प्रेम वर्षभर न सांगणारी मुलगी: या प्रश्नामागे बहुतेक वेळा अशी कुणीतरी असते. नाही, हे ढोंग नाही. तिला लपवण्यातून मोठेपणा मिळत नाही, ती स्वतःला वाचवते आहे. लपवणारा वर बसलाय की खाली, हे आधी बघावं. तीच मुलगी उद्या सासू झाली, सुनेच्या जीन्सवर बोलू लागली आणि "आमच्या वेळी असलं नव्हतं" म्हणाली, तर मग बोलू.

मत बदललं तर?

ते ढोंग नाही. फक्त "मी आधी असं म्हणत होतो आणि ते चुकलं" हे वाक्य मोठ्यानं म्हणावं.

नुसती माफी पुरते का?

माफीत दोष कुणाकडे ठेवलाय यावर आहे. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्षीसाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेग आणि सोल्जरांच्या झडत्या चालू होत्या. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं पुण्याहून पत्रांनी कळलं, ते गोखल्यांनी तिथे जाहीर केलं. सरकारनं पुरावा मागितला. परतल्यावर पत्र लिहिणारे पुढे यायला तयार झाले नाहीत. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि त्या लोकांची नावं सांगितली नाहीत. वय एकतीस. स्वतःच्याच लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. आरोप पूर्ण खोटा होता असं मला वाटत नाही, पण सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो याची जबाबदारी त्यांनी दुसऱ्या कुणावर ढकलली नाही. ढोंगी माफी ऐकली की ओळखू येते: तिच्यात "जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असतं.

आपली घसरण मुलांनी पकडली तर त्यांना काय सांगावं?

सरळ जे झालं ते, आणि त्यांनी विचारलं तेवढं सगळं. आपल्या वेदनेचं भाषण देऊ नये, ते त्यांना निस्तरावं लागतं.

गेल्या वर्षी बहिणीची मुलगी वादविवाद स्पर्धेची तयारी करत होती. विषय हुंडा. आईनं तिला याद्यांची गोष्ट सांगितली. तिचा मला फोन आला.

"मामा, तू तिथे होतास?"

"हो. आजोबांच्या शेजारी."

"काय म्हणालास?"

"काहीच नाही."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं आकडा विचारला, तो मी सांगितला. फर्निचरचं आणि अंगठीचं विचारलं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि आजोबांनी एवढे पैसे आणले कुठून?"

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी बाबांना विचारलंच नव्हतं. त्या रात्री बाबांना फोन केला. म्हणाले, पीएफमधून काढले होते, आणि थोडे काकांकडून, ते सहा वर्षं फेडत होतो. दुसऱ्या दिवशी मी तिला ते कळवलं.